हरलेल्या मॅचचा व्हिडिओ

(कॅनडातल्या आपल्या मंडळाच्या मेळाव्यात मुलांच्या आइस हॉकी संघाच्या प्रशिक्षकांनी केलेलं भाषण, किंचित संपादित.)

रामराम मंडळी.

कार्यकारिणीने मला आमच्या संघाच्या यंदाच्या कामगिरीवर बोलायला सांगितलंय. कामगिरी तुम्हाला ठाऊकच आहे. जिंकलो थोड्या, हरलो पुष्कळ. गेल्या शनिवारी पुन्हा हरलो. तरी मला या पोरांबद्दल अभिमानानेच बोलायचंय, आणि तुमच्याशी थोडं भांडायचंही आहे.

शनिवारी मॅच संपल्यावर आमची गोलकीपर बाकावर बसली होती. अकरा वर्षांची पोर. पायाचे पॅड एवढे मोठे की पट्टे सोडायला कुणाचा तरी हात लागतो. मी पट्टे सोडत होतो, तेव्हा ती म्हणाली, "कोच काका, आई फक्त जिंकलेल्या मॅचचे व्हिडिओ कोल्हापूरला पाठवते. आजीला वाटतं मी कधी हरतच नाही. सुट्टीत गेल्यावर तिने विचारलं तर काय सांगू?"

आठवडा झाला, तो प्रश्न डोक्यातून जात नाही.

पुढे चढाई करणाऱ्या फॉरवर्डचा पास चुकला तर फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. गोलकीपरच्या हातून पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, सुटला की तिच्या मागे लाल दिवा लागतो आणि सगळं रिंक तिच्याकडे बघतं. मूळ चूक बहुतेक वेळा तिची नसतेच. आमच्या मॅच तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या पिरियडमध्ये हातच्या जातात, त्याचं कारण सांगतो. बर्फावर पाच स्केटर आणि एक गोलकीपर. स्केटरने पाऊण मिनिट, फार तर मिनिटभर जीव तोडून पळायचं आणि बाकावर परतायचं. खेळ चालू असतानाच ताज्या दमाचा दुसरा आत उतरतो. ही झाली शिफ्ट. त्यापुढे रेटलं की मांड्या भरून येतात, गुडघे वाकेनासे होतात, पोरगं ताठ उभं राहून नुसतं घसरत राहतं. अशात पक गेला तर मागे फिरायला त्राण नसतं. समोरचे दोघं मोकळे सुटतात आणि अडवायला उरते एकटी गोलकीपर. यंदा आम्ही खाल्लेले बरेचसे गोल असेच आहेत.

मग पोरं बाकावर परतत का नाहीत? काचेपलीकडून हाक येते म्हणून. "थांब रे, लगेच कुठं निघालास? एक गोल करून ये!" शुद्ध मराठीत येते, त्यामुळे मलाही नीट ऐकू येते. तुम्ही पैसे भरलेत, कडाक्याच्या थंडीत पहाटे गाडी काढलीय, आपलं पोरगं जास्त वेळ दिसावं असं वाटणारच. ती माया आहे, मला कळतं. पण तिची किंमत ती अकरा वर्षांची पोर मोजते. कृपा करून हे ओरडणं थांबवा.

जानेवारीपासून आम्ही सरावात शिट्टीवर शिफ्ट बदलतो. शिट्टी झाली की पक आपल्याकडे असला तरी तो समोरच्यांच्या हद्दीत खोल मारायचा आणि बाकाकडे वळायचं. आधी मोठ्या फरकाने हरायचो, आता एखाद्या गोलने हरतो. गुणतक्त्यात हे कुठे दिसत नाही. शनिवारचा व्हिडिओ आजीला गेला असता, तर नातीने तिसऱ्या पिरियडमध्ये लागोपाठ अडवलेले तीन शॉट तिने पाहिले असते. पहिला पॅडवर, दुसरा पडल्यापडल्या स्टिकने, तिसरा हवेतच ग्लोव्हमध्ये. या पोरीचा यंदाचा सगळ्यात भारी खेळ हरलेल्या मॅचमध्ये आहे आणि तो तिच्या घरच्यांनी बघितलेलाच नाही.

अहो, आपण कोल्हापूरची माणसं! शाहू महाराजांनी खासबागचं मैदान १९१२ साली पुरं केलं, ते असं की हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, खाली आणि माणसं भोवतीने वर. कुठेही बसा, कुस्ती दिसते. जिंकणारा दिसतो तसा पाठ लागलेलाही दिसतो. पडलेला पैलवान पुन्हा पहाटे तालमीत हजर, आणि ज्या डावावर तो पडला तोच डाव वस्ताद त्याच्याकडून घोटून घेणार. शाहू स्टेडियमवर फुटबॉलमध्ये पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी, आपल्या पेठेचा संघ हरला की कुणी कुणाला मोकळा सोडला यावर कोपऱ्यावर मध्यरात्रीपर्यंत खल चालायचा. तिथे हुल्लडबाजीही झाली, तिचं कौतुक मला करायचं नाही. पण हरलेली मॅच आपण बोलून बोलून पिंजून काढायचो. इथे आल्यावर ती सवय कुठे गेली?

पैलवान खाशाबा जाधवांची गोष्ट आपण दर मेळाव्यात ऐकतो. १९५२, हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि त्यांच्यासाठी घर गहाण ठेवणारे राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर. १९४८ चं लंडन मात्र आपण एका वाक्यात उरकतो. तिथे त्यांचा सहावा नंबर आला होता. अंगात मुरलेली लाल माती, आणि तिथे पायाखाली मॅट. मातीत पाठ लागेपर्यंत कुस्ती चालते, मॅटवर गुण मोजतात. हे सगळं त्यांना त्या सहाव्या नंबरात समजलं. हेलसिंकीतही ते जपानच्या इशीईकडून हरले, आणि इशीईने सुवर्ण नेलं. हे भागही मुलांना सांगा ना.

बर्फावरचंच उदाहरण हवं असेल तर आपल्या भारताचा महिला संघ बघा. बहुतेक मुली लडाखच्या, गोठलेल्या तळ्यांवर स्केटिंग शिकलेल्या. २०१६ साली चॅलेंज कप ऑफ एशिया या स्पर्धेत पहिल्यांदा उतरल्या आणि सगळ्या मॅच हरल्या. पुढच्याच वर्षी बँकॉकला फिलिपिन्सला ४-३ ने हरवलं. २०२५ च्या आशिया कपमध्ये त्यांना कांस्य मिळालं.

गोलकीपरच्या आईशी मी बोललो. ती इथेच बसलीय, तिला विचारूनच सांगतोय. ती म्हणाली, "दादा, हरलेलं पाठवलं की सासूबाईंना रात्रभर झोप लागत नाही. एवढ्या थंडीत पोरीला कशाला पाठवता, लागलं म्हणजे, असं विचारत राहतात. फोनवर किती समजावणार?" तिची अडचण खरी आहे, मी ती मोडीत काढणार नाही. पण हे एकट्या तिच्या घरातलं नाही. आपल्या ग्रुपवर वर्षभर काय येतं, आठवा. ट्रॉफी, प्रवेश, बढती. नापास झालेला, नोकरी गेलेला, हरलेला असा आपल्यात कुणी नाहीच, असं आपल्या पोरांना वाटलं तर त्यांचं काय चुकलं? हरल्यावर त्यांनी बोलायचं तरी कुणाशी?

नाताळानंतर आमची दोन मुलं यायची बंद झाली. घरचे म्हणतात अभ्यास वाढलाय. असेलही. पण दोघं ज्या मॅचनंतर थांबली, त्या मॅचचा शेवटचा गोल त्यांच्याच चुकीने झाला होता. दोघांच्या जर्सी मी कुणाला दिलेल्या नाहीत. पुढच्या मोसमाची नोंदणी तोंडावर आलीय आणि त्यांच्या घरी जाऊन नेमकं काय बोलावं हे मला अजून उमगलेलं नाही. पुढच्या वर्षी जिंकू, असा शब्द देता येत नाही, कारण पुढच्या वर्षीही आम्ही बऱ्याच मॅच हरणार आहोत. तुमच्यापैकी कुणाचं पोर असं मध्येच खेळ सोडून नंतर आपणहून परतलं असेल, तर जेवणाच्या वेळी मला जरूर गाठा.