आठ वाजताचा एकच फोन

नमस्कार, श्रोतेहो.

रोज सकाळी मी ऑफिसला निघते तेव्हा शेजारच्या काकू दारातून विचारतात, "मुलांना आजीकडे ठेवलंस ना?" गेल्या डिसेंबरात एका शुक्रवारी मी आणि नवरा एकच सॅक घेऊन निघालो, तेव्हा त्याच काकू म्हणाल्या, "अगं, मुलांना टाकून चाललात?" मुलं तीच, आजी तीच, घरही तेच. ऑफिसला जाताना मुलं 'ठेवून' जायची आणि नवऱ्याबरोबर जाताना ती 'टाकून' जायची. काकू मायेच्या आहेत, त्यांच्या मनात वावगं काही नव्हतं. पण तो शब्द भांडुप स्टेशनपर्यंत माझ्या मागे आला. ठाण्याला कर्जत लोकलची वाट बघतानाही तो माझ्याशेजारीच उभा होता.

आमचं लग्न 2013 मधलं. लग्नानंतर चार दिवस महाबळेश्वरला गेलो होतो, त्यानंतर दोघंच असे कुठेच नाही. पुन्हा जायचं ठरलं नाही असं नाही. 2018 मध्ये ठरलं, तर सासऱ्यांची बायपास निघाली. 2020 च्या मे महिन्यासाठी सुट्टी मांडून ठेवली आणि मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. भांडुपच्या वन बीएचकेमध्ये आम्ही सहा माणसं. नवरा ऑफिसचे फोन बाथरूममध्ये जाऊन घ्यायचा आणि आमचा धाकटा बाहेरून दार वाजवत राहायचा. त्यानंतर एकदा ठरलं तेव्हा मुलीला कांजिण्या आल्या. पुढेपुढे आम्ही ठरवणंच सोडून दिलं.

या वेळी ठरवलं ते सासूबाईंनी. माझी भिशी लागली होती आणि त्या पैशांतून वॉशिंग मशीन घ्यायचं चाललं होतं. भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "मशीन काय, पुढच्या वर्षी पण येईल. तुम्ही दोघं जाऊन या कुठेतरी." मग त्यांनी मला जे सांगितलं ते त्या घरात बारा वर्षं राहूनही मी ऐकलं नव्हतं. सासूबाई लग्न होऊन नायगावच्या बीडीडी चाळीत आल्या. एकशे साठ चौरस फुटांची खोली आणि त्यात सात माणसं. "आम्ही नवराबायको बोललो ते दादरच्या चौपाटीवर," त्या म्हणाल्या. "रात्रीची भांडी झाली की हे म्हणायचे, चल, पाय मोकळे करून येऊ. सगळ्यांना कळायचं, पण कोणी काही म्हणायचं नाही. मग पोरं झाली आणि चौपाटी सुटली. एकदा सुटली ती सुटलीच."

मुंबईत दादरच्या चौपाटीवर, वरळीच्या कट्ट्यावर, मरीन ड्राइव्हला संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून बसलेली जोडपी आपण रोज बघतो. ती सगळी लग्नाआधीची असतात असं आपण धरून चालतो. जरा नीट बघा. त्यांत कितीतरी जणींच्या गळ्यात मंगळसूत्र असतं. या शहरात पुष्कळ घरांना एकच दार असतं आणि ते जिन्याकडे उघडतं. नवराबायकोला आपल्यामागे लावून घेता येईल असं दुसरं दार त्या घरात नसतं.

आम्ही माथेरान निवडलं ते जवळ म्हणून. रात्री-अपरात्री फोन आलाच, तर दोन-अडीच तासांत घरी पोचता येईल हा हिशेब आधी केला, मग हॉटेल बघितलं. जाण्याआधी आठवडाभर मुलांनी कालनिर्णयवर रोज एकेक चौकोन खोडला. आई-बाबा कधी जाणार आणि कधी परत येणार, हे त्यांना त्या चौकोनांत दिसत होतं. मी फ्रिजवर एक कागद लावला. त्यावर तापाचं औषध कुठल्या कप्प्यात आहे, डॉक्टरांचा नंबर, व्हॅनवाल्या काकांचा नंबर, धाकट्याला शेंगदाणे चालत नाहीत, असं सगळं लिहिलं. खाली सासूबाईंनी स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली : फोन रात्री आठला, एकदाच.

नेरळला उतरून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत गेलो. मुंबईहून येणाऱ्या सगळ्या गाड्या तिथेच थांबतात, गावात त्यांना मज्जाव आहे. पुढे अमन लॉज स्टेशनपासून छोटी शटल आगगाडी मिळते, पण आम्ही रुळांच्या कडेकडेने चालत निघालो. दोन फुटांचे ते रूळ 1907 पासून नेरळहून डोंगर चढून येतात. पीरभॉय कुटुंबाने ही रेल्वे बांधली. झाडांमधून इतकी वळणं घेते, की पुढचं वळण संपेपर्यंत स्टेशन कुठे आहे ते कळत नाही. लाल माती, माकडं, घोड्यांच्या टापा, आणि हॉर्न एकही नाही. नवरा काहीतरी बोलला आणि मी दचकले. तो ओरडतोय असं मला वाटलं. तो नेहमीच्याच आवाजात बोलत होता. घरी टीव्ही, मिक्सर, खालचा रस्ता आणि मुलं या सगळ्यांच्या वरून बोलायची त्याच्या गळ्याला सवय झाली होती.

पहिले काही तास आम्ही फक्त मुलांबद्दल बोललो. डबा नेला असेल का, गृहपाठ कोण घेईल. ते विषय संपले तेव्हा दोघंही गप्प झालो आणि मला भीती वाटली. आपल्याकडे बोलायला आता दुसरं काही उरलेलंच नाही की काय, अशी. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण असं कुणाचंही होईल आणि त्या क्षणी परत फिरावंसं वाटेल. घरी आमचं बोलणं म्हणजे यादीच असायची. गॅस बुक केलास का, फी भरली का, बाबांच्या गोळ्या. बारा वर्षं यादी वाचणाऱ्या माणसांना एका दुपारीत गप्पा कशा सुचणार?

रात्री आठला फोन केला. धाकटा रडला. मी पण रडले. सासूबाईंनी फोन घेतला आणि म्हणाल्या, "तू ठेव, तो गप्प होईल." पाच मिनिटांनी सासऱ्यांनी फोटो पाठवला. पठ्ठ्या कॅरम खेळत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शार्लोट तलावावर गेलो. गावाला याच तलावाचं पाणी मिळतं, आणि काठाजवळच पिसारनाथाचं देऊळ आहे. ते इथलं ग्रामदैवत. दर्शन घेतलं आणि बांधावर बसलो. बराच वेळ कोणी बोललं नाही, पण आदल्या दिवशीसारखी भीती वाटली नाही. मग नवरा पाण्याकडे बघत म्हणाला, "मी रोज भांडुपला उतरल्यावर वीस मिनिटं प्लॅटफॉर्मच्या बाकावर बसतो." मी विचारलं, "कधीपासून?" तर म्हणाला, "बाबांच्या ऑपरेशनपासून. एकदा घरात पाऊल टाकलं की सगळ्यांचा होतो ना मी. त्याआधी थोडा वेळ नुसता बसतो."

म्हणजे सात वर्षं. रोजची वीस मिनिटं. मी त्याला कित्येकदा विचारलं होतं, गाडी लेट होती का? आणि तो हो म्हणायचा.

मला राग आला नाही. मला त्या बाकावर जाऊन त्याच्याशेजारी बसावंसं वाटलं. मग मीही माझं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी मला बढती मिळत होती, पण पुण्याला जावं लागणार होतं. मुलं लहान आहेत असं सांगून मी ती नाकारली. पण मुलं हे कारण नव्हतं. नवीन काम जमेल का, याची मला धास्ती होती, आणि ती मी मुलांच्या नावावर घातली. त्याने एवढंच विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" कधी सांगणार होते? मुलं झोपल्यावर? मुलं झोपतात त्या खोलीत आम्हीही झोपतो आणि बाहेर आई-बाबा असतात. कुजबुजत सांगण्यासारखं ते नव्हतं.

बाकी सहलीचं सांगण्यासारखं फारसं नाही. पॉर्क्युपाइन पॉइंटवरून सूर्य मावळताना बघितला, बाजारातून चिक्की आणि मध घेतला, दुपारी दोन तास झोपलो. दुसऱ्या रात्री आठला फोन लावला, तर धाकट्याला बोलायला वेळच नव्हता. मुलीने मात्र विचारलं, "तुम्ही तिकडे काय करता?" मी म्हटलं, "बोलतो." ती म्हणाली, "बस्स, एवढंच?"

श्रोतेहो, सगळ्यांकडे आजी-आजोबा हाताशी नसतात, हे मला माहीत आहे. आमच्या समोरच्या घरातल्या जोडप्याची माणसं सांगलीला आहेत. त्यांची मुलगी चार वर्षांची. आम्ही परत आलो त्या रविवारी तिची आई चिक्की घ्यायला आली, आणि बूट झाडत बसलेल्या माझ्या नवऱ्याकडे बघत उभी राहिली. त्या बुटांवरची लाल माती अजून निघालेली नव्हती. "तुम्हाला बरं जमलं," एवढंच ती म्हणाली. तिच्या त्या बोलण्यात 'टाकून' नव्हतं. मी सासूबाईंकडे बघितलं, त्यांनी मान हलवली, आणि मी म्हटलं, "आमच्याकडे ठेव हिला. एक रात्र."

या शनिवारी ते दोघं अलिबागला चाललेत. गेटवेहून बोटीने मांडव्याला, साधारण तासाभराचा प्रवास. ओहोटीची वेळ साधून कुलाबा किल्ल्यावर चालत जायचं आहे म्हणे. काल ती मला कागद देऊन गेली. दिवा मालवायचा नाही. गोष्ट ससा-कासवाचीच, दुसरी सांगितली की चिडते. रात्री पाणी मागते, ते निळ्या पेल्यातूनच द्यायचं.

कागद आमच्या फ्रिजवर लागलाय. निळा पेला ती शनिवारी सकाळी आणून देणार आहे.

नमस्कार.