झिजलेल्या अक्षरांचा रुबाब

नमस्कार श्रोतेहो!

जत्रांचे दिवस आले की आपल्या गोव्यात देवळाजवळ, बाजारात, तिठ्यावर नाटकांची पोस्टरं लागतात. त्यातल्या एखाद्यावर नाटकाचं नाव जाडजूड अक्षरांत असतं: कडा झिजलेल्या, मध्येच शाई न उठलेली. छपाई बिघडलेली नसते बरं का. तो फॉन्टच तसा घडवलेला असतो.

हे रूप आलंय लाकडी टाइपांतून, म्हणजे छपाईच्या सुट्या लाकडी अक्षरांतून. पोस्टरच्या मापाचा शिशाचा टाइप जड आणि महाग. अमेरिकेत डॅरियस वेल्सने १८२७ साली लाकडी अक्षरं यंत्रावर कोरायला घेतली आणि ती स्वस्त झाली. पण लाकूडच ते! वापरून टवके उडायचे. शाई कमी पडली की अक्षरात पांढरे ठिपके. जास्त झाली की दाबाने कडेला सरकून गडद किनार. जाड अक्षराच्या पोटात तर लाकडाच्या रेषाही उठायच्या.

आजचा फॉन्ट हे सगळं मुद्दाम करतो, आणि तिथेच फसतो. ‘मामा’ लिहिलं आणि दोन्ही म ना त्याच जागी तोच टवका दिसला, की सोंग उघडं पडलं! म्हणून चांगल्या फॉन्टमध्ये एकेका अक्षराची दोन-तीन रूपं ठेवतात. ती आपोआप आलटून-पालटून येतात.

देवनागरीत खरी परीक्षा शिरोरेषेची. छापखान्यात खिळ्याला खिळा, म्हणजे टाइपाला टाइप लावून शब्द जुळायचा, त्यामुळे रेषेला बारीक फट पडायची ती दोन अक्षरांच्या सांध्यावर. रोमन फॉन्टवरचे ओरखडे उचलून देवनागरीवर चिकटवले, तर रेषा भलतीकडेच तुटते. मला तरी ते लगेच खटकतं.

आणि आपल्याकडे रोमनची गाठ जुनी आहे. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यातच आला. पण १६१६ साली रायतूरला छापलेलं ‘ख्रिस्तपुराण’ मराठी असूनही रोमन लिपीत! देवनागरी खिळ्यांना पुढे बराच काळ वाट पाहावी लागली.

पोस्टर करणाऱ्या नाट्यमंडळांना एवढंच सांगेन, नाटकाचं नाव खुशाल या अक्षरांत घ्या, मोठ्यात मोठं. कलाकारांची नावं, स्थळ, वेळ मात्र साध्या, स्वच्छ टाइपात. लहान मापात हे ओरखडे म्हणजे नुसता चिखल. त्यात ९ ची गाठ झिजली की तो १ वाटतो. मग प्रेक्षक रात्री एकला उगवले, तर बोल त्यांना लावू नका. अर्थात, आपली नाटकं ज्या वेळेला सुरू होतात ते पाहता, त्यांचा पहिला अंक चुकेलच असंही नाही!