कागद कधी आला?

(दृश्य : तालुक्याच्या कोर्टाचं आवार. सकाळचे साडेदहा. लिंबाखाली मोटारसायकली, चहाची टपरी.)

तालुक्याच्या कोर्टाचा दिवस न्यायाधीश डायसवर येण्याच्या बराच आधी सुरू होतो. फाटकाशी मुद्रांकविक्रेता पेटी उघडतो, टायपिंगवाला प्रिंटरवरचं फडकं काढतो, नोटरी रबरी शिक्के पुसून ओळीनं मांडतो. काळे कोट अजून अंगात नाहीत, हातावर आहेत. आजच्या केसेसचा बोर्ड लागला की माणसं त्याच्यापुढे गर्दी करतात आणि दहावीच्या निकालासारखं आपलं नाव बोटानं शोधतात.

जवळपास प्रत्येकाच्या हातात एक पिशवी. कापडदुकानाची, बियाण्याच्या कंपनीची, लग्नात आहेर म्हणून मिळालेली. आत सातबारे, फेरफार, कुठल्याशा अर्जाची पोच, लाइट बिल, आणि का कोण जाणे, एखादी लग्नपत्रिका.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. म्हण काही खोटी नाही. व्हरांड्यातल्या बाकावर बसलेल्या कुणालाही विचारा, तो दोन हात जोडून दुजोरा देईल. पण या म्हणीनं एक घोळ घालून ठेवलाय. कोर्टाची पायरी टाळता टाळता माणसं वकिलाच्या ऑफिसची पायरीसुद्धा टाळतात. त्या दोन पायऱ्यांमध्ये रस्ता आहे. आम्ही कॅमेरा घेऊन दिवसभर त्या रस्त्याच्या अलीकडे बसायचं ठरवलं.

(दृश्य : झेरॉक्सच्या दुकानाशेजारचा अरुंद जिना. वर दहा बाय बाराची खोली. दोऱ्यांनी बांधलेल्या फायली.)

हे वकील तीस वर्षं याच कोर्टात काम करतात. दारावर फक्त नाव आणि शिक्षण. ‘खात्रीशीर निकाल’ वगैरे काही नाही. आपल्या देशात वकिलाला जाहिरात करता येत नाही. त्यामुळे वकील शोधायचा तो विचारपूस करून, सोयरिकीसारखा.

समोर बसलेला माणूस सुरुवात करतो ती भांडणापासून. कोण कसा वागला, कुणी कुणाचे उपकार विसरले, आजोबांनी काय शब्द दिला होता. वकीलसाहेब ऐकतात. मग चष्मा कपाळावर सारतात आणि प्रश्न एकच विचारतात.

“कागद कधी आला?”

आज पहिला आलेला तरुण पशुखाद्याचा धंदा करतो. एका गोठेवाल्याकडे एक लाख ऐंशी हजार अडकलेत. त्यानं चेक दिला, चेक बँकेतून परत आला. ‘पुढच्या महिन्यात नक्की देतो’ या शब्दावर हा थांबला. माणूस ओळखीचा, रोजचं येणंजाणं. नोटीस पाठवायची तर तोंड कसं दाखवायचं?

“बँकेचा मेमो कधीचा?”

तरुण मोबाइलमध्ये शोधतो. एक्केचाळीस दिवस झालेत.

वकीलसाहेब खुर्चीत मागे टेकतात. चेक न वटल्याचं बँकेकडून कळलं की तीस दिवसांच्या आत समोरच्याला लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत त्यानं पैसे दिले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, कलम १३८. तक्रारीला थोडा उशीर झाला तर सबळ कारण दाखवून तो माफ करून घेता येतो. नोटिशीच्या तीस दिवसांना तशी सवलत नाही.

तरुणाचा चेहरा उतरतो. पण साहेबांचा दुसरा प्रश्न बाकी आहे.

“चेकवर तारीख काय घातलीय?”

चेक टेबलावर येतो. साहेब भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटतात, बोटांच्या पेरांवर मोजतात. चेक तारखेपासून तीन महिने चालतो. याचे एकोणीस दिवस शिल्लक आहेत.

“आजच्या आज परत बँकेत टाक. परत आला की मेमो घेऊन सरळ इथं ये. घरी जाऊ नको, त्याच्या गोठ्यावर तर अजिबात नको.”

चेक मुदतीत पुन्हा भरता येतो, आणि पुन्हा परत आला तर तीस दिवस नव्यानं मोजले जातात. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली हे स्पष्ट केलंय. तरुण जिना उतरताना दोन-दोन पायऱ्या उतरतो. अजून तीन आठवडे उशिरा आला असता, तर वसुलीचा दिवाणी दावा एवढीच वाट उरली असती. त्याला तीन वर्षांची मुदत असते, पण चेकच्या केसची धास्ती त्यात नसते.

(दृश्य : व्हरांडा. शिपायाचा पुकारा. एक म्हातारा कानावर हात धरून ऐकतोय.)

खाली पुकारा होतो. एक नाव तीनदा. कुणी पुढे येत नाही.

समन्सबद्दल गावोगाव एक ठाम समजूत आहे, की घेतलंच नाही तर लागू होत नाही. बेलीफ आला की पुरुषमंडळी मागच्या दारानं रानात आणि बाई सांगते, ‘ते परगावी गेलेत.’ फार हुशारी केल्यासारखं वाटतं. बेलीफ बिचारा पंचांसमोर समन्स दाराला चिकटवतो आणि तसा अहवाल देतो. कोर्टानं तो मान्य केला की बजावणी झाली. दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत कैफियत, म्हणजे आपलं लेखी उत्तर, द्यायची असते, कोर्ट फार तर नव्वदपर्यंत वाढवून देतं. आलाच नाहीत तर दावा एकतर्फी चालतो. एकतर्फी हुकूम रद्द करून घेता येतो, नाही असं नाही. पण मग भांडण बाजूला राहतं आणि आधी ‘मी का आलो नाही’ हेच सिद्ध करत बसावं लागतं. परगावी गेलो होतो, हे तिथं चालत नाही.

म्हणून समन्स, वकिलाची नोटीस, तलाठ्याची नोटीस, बँकेचा मेमो यातलं काहीही हातात पडलं, तर पाकिटावर आलेली तारीख पेनानं लिहावी. पाकीट फेकू नये. टपालाच्या शिक्क्यावर उभ्या राहिलेल्या केसेस इथल्या कपाटात आहेत.

प्रत्येक गोष्टीला वकील लागतो, असं मात्र नाही, आणि बरा वकील ते स्वतःच सांगतो. दुपारी एक गृहस्थ आले. संगणकीकरणात सातबाऱ्यावर वडिलांचं नाव चुकलंय. साहेबांनी पैसे घेतले नाहीत. “तहसीलदारांकडे जमीन महसूल कायद्याच्या कलम १५५ खाली अर्ज द्या. जुना हस्तलिखित उतारा जोडा. पोच घ्या.” झालं. वारसाची नोंद तलाठ्याकडे स्वतः करता येते. (तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, गावात ते भाऊसाहेब होते आणि भाऊसाहेबच राहिलेत.) माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. ग्राहक आयोगात स्वतः उभं राहता येतं, आणि मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत हवी, एवढंच.

मग वकील हवा कुठे? सही करण्यापूर्वी. तीस वर्षांच्या अनुभवाचं सार विचारलं, तर साहेब एवढंच म्हणाले. इसारपावती, साठेखत, कुलमुखत्यारपत्र, हक्कसोड, बँकेला जामीन राहणं. घर भाड्यानं देताना केलेला लिव्ह अँड लायसन्सचा करारसुद्धा. तो लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा, ही महाराष्ट्रात घरमालकाची जबाबदारी आहे. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच खरं धरलं जातं, ते खोटं ठरेपर्यंत. आपले लोक मोटारसायकल घेताना मेकॅनिकला बरोबर नेतात, आणि वीस गुंठ्यांची खरेदी मात्र एजंटाच्या भरवशावर करतात.

(दृश्य : खोलीच्या दाराशी चप्पल काढणारी एक बाई. साठीच्या. सोबत लेक.)

या मावशी जवळच्याच गावातल्या. बसायला सांगितलं तरी खुर्चीच्या कडेलाच टेकल्या. लेकीनं पिशवीतून सातबारा काढून टेबलावर ठेवला. मोबाइलवर, पंधरा रुपयांत काढलेला. वडिलांच्या जमिनीचा. त्यावर दोन भावांची नावं आहेत. मावशींचं नाही.

“वडील कधी वारले?”

“चार वर्षं झाली, साहेब.”

“तुम्ही कुठं सही केलीत का?”

मावशी लेकीकडे बघतात. “वारसाच्या नोंदीला केली. तालुक्याला नेलं होतं दादानं. येताना साडी घेतली.”

“फोटो काढला? अंगठा घेतला मशिनवर?”

“घेतला.”

साहेब पेन खाली ठेवतात. वारसाच्या नोंदीला दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात जावंच लागत नाही. मशिनवर अंगठा आणि कॅमेऱ्यात फोटो, म्हणजे दस्त नोंदवला जातोय. तो हक्कसोडपत्राचा होता. मावशींनी वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा भावांना सोडल्याचा.

मुलीचा हक्क काय, हे आता कुणाला नव्यानं सांगायला नको. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलार्जित मिळकतीत जन्मतः मुलाइतका वाटा दिला, आणि २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला सांगून टाकलं. पण कायदा वाटा देतो आणि साडी तो काढून घेते. ‘माहेर तुटेल’ या तीन अक्षरी–तीन अक्षरी धाकाला कुठलं कलम लागू पडतं?

“त्यानंतर काही कागद आला होता?”

“तलाठ्याचा आला होता. दादाला फोन केला. म्हणाला, त्यात काही नाही, ठेव तुझ्यापाशी.” मावशी पिशवीत हात घालतात. “ठेवलाय मी. फडताळात होता.”

घडी चार ठिकाणी फाटत आलीय. कोपऱ्याला तेलाचा डाग. फेरफाराची नोटीस. कोणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवा, असं त्यात छापलंय. हरकत आली असती तर नोंद तिथंच थांबली असती, तक्रारी केस म्हणून सुनावणीला लागली असती. हरकत आली नाही, नोंद मंजूर झाली. त्यावर प्रांताकडे अपील साठ दिवसांत करायचं होतं. तेही गेले.

लेक रडवेली होते. साहेब हात वर करतात. सातबारा म्हणजे मालकीचा शेवटचा शब्द नव्हे. तो महसुलाचा कागद. वारसनोंद म्हणून सांगून हक्कसोडीवर सही घेतली असेल, तर तो दस्त रद्द करून मागता येतो, आणि ते कळल्यापासून तीन वर्षं असतात.

“तुम्हाला कळलं कधी?”

“परवा. हिनं काढला तेव्हा.”

साहेब वहीत तारीख लिहितात आणि खाली दोन रेघा ओढतात. सांगतात, सोपं नाही. फसवलं, हे तुम्हाला शाबीत करावं लागेल. दस्तावर तुमची सही आहे, साक्षीदारांच्या सह्या आहेत. वर्षं जातील. पण दावा लागला की मनाईचा अर्ज देता येईल, म्हणजे तोवर जमीन तिसऱ्याला विकली जाणार नाही.

मावशी पदराच्या टोकाशी चाळा करतात. तो प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, हे साहेबांना ठाऊक आहे.

“फी किती, साहेब?”

समोरच्याच इमारतीत तालुका विधी सेवा समिती आहे. १९८७ च्या कायद्यानं स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना, अपंगांना, कामगारांना, कोठडीत असलेल्यांना वकील फुकट मिळतो. स्त्रीला उत्पन्नाची अटसुद्धा नाही. १५१०० वर फोन केला तरी चालतो. मावशींना हे माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर शूटिंगला येण्याआधी आमच्यातल्या दोघांनाही नव्हतं.

आणि फी द्यायचीच असेल, तर पहिल्या दिवशी तोंडावर विचारावी. कोर्ट फी वेगळी, वकिलाची वेगळी. दिलेल्या पैशाची पावती मागावी. ‘निकाल लागला की जमिनीतले चार गुंठे द्या’ असा सौदा वकिलाला करता येत नाही. मूळ कागद स्वतःकडे, झेरॉक्स वकिलाकडे. न पटल्यास वकील बदलता येतो, आणि फी थकली म्हणून त्याला तुमची फाइल अडकवून ठेवता येत नाही.

जवळचाच वकील का, याचं उत्तर या खोलीच्या खिडकीतून दिसतं. समोर कोर्ट, डावीकडे तहसील, त्यामागे दुय्यम निबंधक. कुठला वाद मामलेदाराचा आणि कुठला दिवाणीचा, हे त्याला चालता चालता कळतं. बांधावरची अडवलेली वाट घ्या : मामलेदार कोर्टाच्या १९०६ च्या कायद्याखाली तहसीलदारच वाट मोकळी करून देतात, पण अडवल्यापासून सहा महिन्यांत गेलात तर. शहरातला मोठा वकील तुमच्या गाडीभाड्यावर हे शोधेल. उलट बाजूही आहे. तालुका लहान, सगळे एकमेकांना ओळखतात. आपला वकील विरुद्ध पक्षाच्या वकिलाबरोबर चहा पिताना दिसला की अशिलाच्या पोटात गोळा येतो. चहाचं काही नसतं. पण समोरचा गावचा कारभारी असेल आणि तीन वकिलांनी वकीलपत्र घ्यायला टाळाटाळ केली, तर वेळ न घालवता जिल्ह्याचं ठिकाण गाठावं.

(दृश्य : संध्याकाळ. बोर्डावरची यादी वाऱ्यानं फडफडतेय. टपरीवाला ग्लास विसळतोय.)

साडेपाचला आवार रिकामं होतं. वर खोलीत मावशी अजून आहेत. दस्ताची नक्कल आणायची, हे लेकीनं तळहातावर लिहून घेतलंय. आधी भावांना नोटीस जाईल, असं साहेब सांगतात. त्यात काय लिहायचं ते वाचून दाखवतात. ‘तुम्ही नोटीसवाल्यांनी आमच्या अशिलांस…’

मावशी मध्येच थांबवतात.

“साहेब, त्यात दादा असं लिहिता येतं का?”

“नाव लिहावं लागतं, मावशी. पूर्ण.”

मावशी मान हलवतात. मग भावाचं पूर्ण नाव सांगतात, वडिलांच्या नावासकट. साहेब लिहून घेतात.