आधी अर्ज, मग प्रदर्शन

मंडळी, पहिले माझी चूक सांगतो. आमच्या विहिरीवर मोटरीचा मोबाईल स्टार्टर आहे. थ्री फेज लाईन येते रात्री, विहीर गावापासून लांब, आणि नेटवर्क नावापुरतं. फोन लावला की स्टार्टर उचलायचाच नाही. म्हणून ॲल्युमिनियमच्या सळ्या आणि पीव्हीसी पाइप घेऊन मी अँटेना बांधला. तीन वर्षं धुऱ्यावरच्या कडुनिंबाला टांगून पाहिला, सळ्या कापल्या, पुन्हा कापल्या. जमलं तेव्हा इतका आनंद झाला की तो घेऊन थेट एका कृषी प्रदर्शनात गेलो आणि ज्याला-त्याला खोलून दाखवला. पुढच्या हंगामात तसाच अँटेना बाजारात विकायला आला होता. माझ्या हाती पेटंटचा, म्हणजे शोधावरच्या हक्काचा, कागद नव्हता.

पेटंट कायदा १९७० चा. त्यात शोध नवा हवा, आणि नवा म्हणजे अर्जाच्या तारखेआधी जगात कुठंही उघड न झालेला. यूट्यूबचा व्हिडिओ, ओळखीच्याला विकलेला एक नग, एवढ्यानंही नवेपण जाऊ शकतं. कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची सवलत आहे, पण प्रदर्शनांपुरतं बोलायचं तर केंद्र सरकारनं राजपत्रात जाहीर केलेल्याच प्रदर्शनांना. तालुक्याच्या मांडवाला नाही. आणि आराखडा स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं पाठवून पाकीट बंद ठेवलं की हक्क मिळतो, हा समज डोक्यातून काढा. हक्क ठरतो अर्जाच्या तारखेवर.

ती तारीख स्वस्तात मिळते. एकट्या माणसाला ऑनलाइन प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरत्या, अर्जाची फी १६०० रुपये आहे. महाराष्ट्राचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात जातो. मग पूर्ण अर्ज करायला १२ महिने मिळतात, तेवढ्यात मोजमापं पक्की करा. सळ्या वळवून देणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्याकडे पहिल्या अर्जाआधी जावं लागलं, तर गुप्ततेचा करार लिहून घ्या, मग तो मित्र का असेना.

आता खरी मेहनत, ती दाव्यांची, म्हणजे नेमकं काय आपलं हे अर्जात लिहिण्याची. सळ्यांचा दिशादर्शी अँटेना यागी आणि उदा या शास्त्रज्ञांनी जपानात १९२६ च्या सुमारासच मांडला. त्यामुळे चार सळ्या वेगळ्या लावल्या, एवढ्यावर भागत नाही. ओळखीच्या वस्तूंची नुसती फेरमांडणी कलम ३(फ) प्रमाणे शोधच धरत नाहीत. माझ्यात नवी होती ती पाइपात सरकणारी जोडणी, जिच्यामुळे एकच अँटेना मोबाईलच्या ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झ अशा दोन्ही लहरींवर बसवता यायचा. दावा तिचा करायचा. आणि करताना सेंटिमीटरमध्ये अडकायचं नाही. ९०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण ३३ सेंटिमीटर. तुम्ही 'साडेपंधरा सेंटिमीटरची सळी' लिहिलीत, तर दुसरा सव्वापंधराची कापून मोकळा होतो. तरंगलांबीच्या किती पटीपासून किती पटीपर्यंत, असं लिहा, आणि त्या टप्प्यातली वाचनं सोबत द्या: साध्या अँटेनाचा एसडब्ल्यूआर (अँटेना लाईनशी किती जुळतो याचं माप) किती, तुमचा किती. आधी पेटंट कार्यालयाच्या 'इनपास' या वेबसाइटवर जुन्या पेटंटांचा फुकट शोध घ्या. अँटेनांचा वर्ग 'एच०१क्यू' आहे. दाव्यांसाठी पेटंट एजंट गाठा, मी त्यावर पैसे वाचवायला सांगणार नाही.

जगदीशचंद्र बोसांनी १८९० च्या दशकात शिंगाच्या आकाराचे अँटेना वापरले, पण पेटंट घ्यायला त्यांचं मन होत नसे. १९०४ साली अमेरिकेत मिळालेलं पेटंट लहरी ओळखणाऱ्या उपकरणाचं होतं, तेही इतरांच्या आग्रहानं. त्या वृत्तीपुढे मी हात जोडतो. पण पऱ्हाटीच्या पैशातून सळ्या विकत घेणाऱ्याला ती परवडत नाही.

बाकीचं थोडक्यात. अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. तपासणीची मागणी ३१ महिन्यांच्या आत, फी ४००० रुपये. पेटंट २० वर्षांचं, तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरणाची फी. नक्कल करणाऱ्यावर कोर्टात खटला भरता येतो तो पेटंट मंजूर झाल्यावरच. डिझाईनची नोंदणी फक्त दिसण्याला संरक्षण देते, चालण्याला नाही.

मघाशी मागच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, की तिनं आणि तिच्या भावानं मिळून केलेला शोध कुणाच्या नावावर टाकावा. दोघांच्या. अर्जदारांत एक जरी स्त्री असली तरी लवकर तपासणीची मागणी करता येते. बाई, तू वही घेऊन इथंच थांब, फॉर्म १ (अर्ज) आणि फॉर्म २ (शोधाचं वर्णन) आज आपण दोघं मिळून भरायला घेऊ.