बांधावरचा निंब आणि स्वस्तातली चेनसॉ

[सातपुड्याची रांग, पायथ्याशी केळीचे मळे. बांधावर मुळासकट पडलेला कडुनिंब.]

जळगाव जिल्ह्यातल्या यावल-चोपडा पट्ट्यात पावसाळ्याच्या तोंडावर वादळ सुटलं की बातमी होते केळीची. घडाला आलेली केळी आडवी होते, पंचनामे होतात. त्याच वादळात बांधावरचा निंबही पडतो, पण त्याची नोंद कुणी घेत नाही. दोन-चार दिवसांत कुऱ्हाडी येतात, तुकडे पडतात आणि खोड जळणात जातं. इथे कापलेल्या तोंडावर गाभा दिसतोय. तांबूस, घट्ट, वाळवी सहसा तोंड लावत नाही असा. असं लाकूड वीटभट्टीत जावं हे आम्हाला पटत नाही. त्याची फळी व्हावी, तीही त्याच गावात.

[चेनसॉ जवळून]

ही चेनसॉ, म्हणजे पेट्रोल इंजिनवर चालणारी साखळीची करवत. ५८ सीसीची, चिनी बनावटीची. औजारांच्या दुकानात मिळते, ऑनलाइन मिळते, आणि नामांकित कंपनीच्या मशीनपेक्षा पुष्कळच स्वस्त पडते. तिची ठेवण जपानच्या झेनोआ कंपनीच्या जुन्या नमुन्यावरून उचललेली. जिच्यावरून साखळी फिरते ती पट्टी २२ इंची. गावोगाव ती फांद्या छाटायला आणि जळण पाडायलाच वापरतात.

फांदी आडवी कापताना इंजिन काही सेकंद जोरात चालतं आणि मोकळं होतं. खोड उभं चिरायचं तर तेच इंजिन कितीतरी मिनिटं सलग फुल थ्रॉटलवर राहतं. स्वस्तातल्या मशिनांचा पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकतो तो इथेच.

[गॅरेज. टेबलावर सुटे केलेले भाग.]

म्हणून ती आधी इथे आणली. लुना आणि राजदूतच्या काळापासून टू-स्ट्रोक इंजिनं खोलणारे हे मिस्त्री. त्यांनी पहिल्यांदा पाहिली ती हवा. कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधलं रबर पातळ असलं, क्रँकचं ऑइल सील सैल असलं, तर तिथून जास्तीची हवा आत जाते. हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, पेट्रोलमधलं ऑइल कमी पडतं आणि पिस्टनवर ओरखडे उठतात. रबर बदललं, सील बदलले. पेट्रोलची नळी आणि टाकीतला फिल्टर नवा. प्लग चांगल्या कंपनीचा. सिलिंडरच्या झरोक्यांच्या, म्हणजे हवा-धूर ये-जा करणाऱ्या भोकांच्या, कडांना कारखान्यातूनच राहिलेले बारीक कंगोरे होते, ते पॉलिश पेपरने मोडले. त्या कंगोऱ्यांत रिंग अडकली की तुटते.

आता हा आवाज ऐका.

[फक्त इंजिनचा आवाज]

मशीन हवेत धरून पूर्ण रेस दिली की आवाज थोडा फुटका, बडबडा यायला हवा. लाकडात घातलं की तोच स्वच्छ होतो. हवेतच आवाज तीक्ष्ण, किंचाळता आला तर मिश्रण पातळ आहे. मग ‘एच’ लिहिलेला स्क्रू थोडा उलटा फिरवायचा, म्हणजे पेट्रोल वाढतं. पेट्रोलमध्ये ऑइलचं प्रमाण २५ला १, लिटरला ४० मिली. मोठ्या कंपन्यांच्या मशीनला ५०ला १ चालतं. इथे तशी काटकसर करू नये.

[साखळी. एकेका दातावरून फिरणारी कानस.]

आता साखळी. तिचा आजचा दात अमेरिकेत ओरेगनमधल्या एका लाकूडतोड्यामुळे आला. १९४६ साली जोसेफ कॉक्स यांनी लाकूड पोखरणारी अळी निरखून पाहिली. ती अळी लाकडाच्या रेषा आडव्या असोत की उभ्या, दोन्हीकडून लाकूड खात होती. तिच्या जबड्यावरून त्यांनी दात बेतला, आणि जगभरातल्या साखळ्या आजही त्याच वाटेने चालतात.

दुकानातून येणारी साखळी मात्र आडव्या कापासाठी घासलेली असते, साधारण ३० अंशांत. उभं चिरायला ती ओढून घेते, थरथरते, फळीवर लाटा उठवते. सुतार आबा तोच दात १० अंशांवर आणतायत. हातात ४.८ मिलिमीटरची गोल कानस. प्रत्येक दाताला सारखे हात, नाहीतर काप एका बाजूला पळतो. ओसरीवर बसून चाललेलं हे काम अख्ख्या खटाटोपाचा जीव आहे, म्हणून आम्ही ते सावकाश दाखवतोय.

[वेल्डिंगच्या ठिणग्या. चौकट.]

चौकट गावातल्याच वेल्डिंगवाल्याने चौकोनी पाइपची केली. ती पट्टीला दोन जागी आवळून बसते आणि फळीची जाडी ठरवते. आवळायच्या जागेत पट्टीची काही इंच लांबी जाते, त्यामुळे २२ इंची पट्टीवर फार जाड खोड घेता येत नाही. जास्त रुंद फळ्यांसाठी मोठं इंजिनच लागतं.

[शेत. खोडावर बांधलेली शिडी.]

खोड गोल, त्यामुळे पहिल्या कापाला सपाट आधार नसतो. म्हणून वर सरळ शिडी ठोकली. चौकट शिडीवरून सरकते. पुढचे काप आधीच्या सपाट तोंडावरून. खोडाचं एक टोक उचलून ठेवलंय, म्हणजे मशीन उताराने आपसूक पुढे जातं. मागे चिरेत लाकडी पाचरी, चीर मिटू नये म्हणून. पुतण्या जोर लावायला लागला तसे आबा ओरडले, “दाबू नको, भाऊ. तिले खाऊ दे.”

निंबाला एके काळी गुरं बांधायचे. खिळा आत राहिलेला असला तर साखळीचे दात एका क्षणात जातात. आधी साल काढून खोड तपासलं ते त्यासाठी.

पट्टीच्या टोकापर्यंत ऑइल नीट पोचत नाही, म्हणून तिथे थेंब थेंब सोडणारी वेगळी बाटली बसवली. त्यात ताजं ऑइल. जळकं नाही.

[फळी उचलून बाजूला ठेवतात.]

ही पहिली फळी. एका कापात सुमारे ८ मिलिमीटर लाकूड भुसा होतं, म्हणजे तीन काप झाले की इंचभर फळी गेली. वखारीतल्या बँड सॉमध्ये एवढं जात नाही. पण वखारीपर्यंत खोड न्यायला ट्रॅक्टर लागतो, भाडं लागतं, आणि तिथेच बहुतेक शेतकरी थांबतात. खानदेशातल्या धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या, घरांचं लाकूड दोन माणसांनी, एकाने वर आणि एकाने खाली उभं राहून, करवतीने चिरलेलं आहे. तेवढे हात आता गावात नाहीत.

कानाला, डोळ्याला, पायाला संरक्षण हवंच. आणि आंबा, चिंच, मोह, अंजन, साग यांसारखी झाडं तोडायला महाराष्ट्राच्या १९६४च्या वृक्षतोड कायद्याने परवानगी लागते.

[गोठ्याच्या सावलीत रचलेली चवड]

खानदेशच्या उन्हात फळी उघड्यावर टाकली तर टोकं तडकतात. म्हणून कापलेल्या तोंडांना ऑइल पेंट, दोन फळ्यांत इंचभर जाडीच्या पट्ट्या, सगळ्या एकाखाली एक, आणि वर दगड. ढोबळ हिशेब असा, की इंचाला एक वर्ष. आपल्याकडच्या कोरड्या हवेत ते लवकरही होतं.

या फळ्यांची गोठ्याची दारं होणार आहेत, आणि उरल्या तर गव्हाण. पुढचं खोड बाभळीचं आहे. ती निंबापेक्षा कठीण. आबांनी साखळी पुन्हा कानशीखाली घेतली आहे.