काळा स्क्रू कुठे चालतो, कुठे नाही

जळगाव, धुळं, नंदुरबार, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात नुसतं ‘स्क्रू द्या’ म्हणा, काळ्या स्क्रूचा डबा पुढे येतो. स्वस्त, टोकदार, मशीनला लावला की सरळ आत. म्हणून मग सीलिंग-पार्टिशनच्या जिप्सम बोर्डाला तोच, किचनच्या कपाटाला तोच आणि दाराच्या बिजागरीलाही तोच. माझी तक्रार या शेवटच्या दोन कामांबद्दल आहे.

आधी त्याचं स्वतःचं काम, म्हणजे जिप्सम बोर्ड, बघू. त्याचं डोकं खालच्या बाजूनं कर्ण्यासारखं निमुळतं होत जातं. जिप्सम बोर्डाच्या पोटातला माल ठिसूळ. धरून ठेवतो तो दोन्ही बाजूंचा कागद. कर्ण्याचा आकार हा कागद न फाडता दाबतो. डोकं कागदाच्या किंचित खाली गेलं की थांबायचं. कागद फाटला तर त्या स्क्रूनं काहीच धरलेलं नाही. दोन-तीन बोटं सोडून दुसरा मारा. वरून पुट्टी फिरली की गिऱ्हाइकाला दिसत नाही, ठाऊक आहे मला. पुढे सीलिंगवर फोड दिसायला लागले की मग फोन येतो.

साडेबारा मिलिमीटरच्या एका बोर्डाला 25 मिलिमीटरचा, म्हणजे एक इंची, पुरतो. दुहेरी बोर्डाला 35 चा. लांब तेवढा मजबूत, हा हिशोब इथे चालत नाही, मागे वायरी असतात. बोर्ड ज्या जस्ताळलेल्या पट्ट्यांच्या फ्रेमवर बसतो, त्या जीआय चॅनेलचा पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात बारीक आट्यांचाच स्क्रू पकडतो, मोठ्या आट्यांचा नुसता गरगरतो. फ्रेम लाकडी असेल तर मात्र मोठे आटे घ्या.

आता बिजागरी. पत्र्यात घुसावा म्हणून हा स्क्रू कडक केलेला असतो, आणि कडक झाला की ठिसूळही होतो. तो वाकत नाही, तुटतो. दार रोज आपटतं, आडवा झटका बसतो आणि एक दिवस डोकं उडतं. तिथे लाकडाचाच स्क्रू हवा. दोन फळ्या एकमेकींना ओढून घ्यायच्या असतील तर मानेखाली बिनआट्याचा भाग असलेला घ्या, नाहीतर वरच्या फळीतही आटे रुततात आणि मधली फट तशीच राहते. भिंतीवरचं कपाट विटांवर असेल तर भोक पाडून स्क्रू धरणारी गिट्टी ठोका. जिप्समच्या पार्टिशनवर असेल तर बोर्ड लावायच्या आधीच आत प्लायची पट्टी बसवा. पंखा स्लॅबच्या हुकालाच, त्यावर चर्चा नको.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो आणि कूलर रात्रंदिवस सुरू. घरात इतका दमटपणा भरतो की काळ्या स्क्रूचा लेप टिकत नाही, गंज येतो. बाथरूम आणि कूलरची खिडकी जवळ असेल तिथे झिंकचा लेप असलेला स्क्रू वापरा, थोडे पैसे जास्त लागतील.

छपराच्या पत्र्याला काळा स्क्रू लावलेलाही मी पाहिलाय. तिथे षटकोनी डोक्याचा, ड्रिलसारख्या टोकाचा, रबरी वॉशरवाला स्क्रू लागतो. 6 मीटरचा लोखंडी पत्रा पहाटेपासून दुपारपर्यंत 40 अंशांनी तापला तर जवळपास 3 मिलिमीटर वाढतो, रात्री पुन्हा आखडतो. ही ओढाताण रोजची. वॉशर कडेनं किंचित फुगला की मशीन सोडा. पोरं चाप दाबूनच ठेवतात. मग मी खालून ओरडतो, ‘भाऊ, इतलं नको आवळू!’ दाबून चपटा झालेला वॉशर उन्हात तडकतो आणि पहिल्याच पावसात गळती. भोकातून निघालेला लोखंडी चुराही त्याच दिवशी झाडून घ्या. तो पत्र्यावर राहिला तर गंजून डाग पडतात.

एका दादांनी विचारलंय, जुन्या शेडचे ढिले झालेले स्क्रू नुसते आवळले तर चालतील का? नाही. पत्र्याच्या हालचालीनं भोक मोठं झालेलं असतं, स्क्रू जागेवरच फिरेल. तो काढून त्याच भोकात एक माप जाड स्क्रू नव्या वॉशरसकट मारा. खालची परलिन, म्हणजे पत्रा ज्यावर टेकतो ती आडवी लोखंडी पट्टीच, गंजून पातळ झाली असेल तर स्क्रूवर पैसे घालू नका, आधी ती बदला.