सापडलेलं कुत्रं ही ठेव आहे

नमस्कार मंडळी. संक्रांत तोंडावर आलीय. सिद्धेश्वरांच्या यात्रेचा गड्डा भरेल, नंदीध्वजांच्या मिरवणुकीला सगळं सोलापूर लोटेल आणि होम मैदानावर शोभेचं दारूकाम होईल. आपण माना वर करून बघत असतो, तेव्हा कुणाच्या तरी घरचं कुत्रं साखळी तोडून सुसाट सुटलेलं असतं. दिवाळीतही हेच. आवाजाला भ्यालेलं कुत्रं दिशा बघत नाही. दमेपर्यंत पळतं आणि दमलं की परक्या गल्लीत एखाद्या रिक्षाखाली शिरतं. सकाळी ते तुम्हाला दिसतं. तिथून पुढचं आज बोलायचंय.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की ही दुसऱ्याची ठेव तुमच्या हाती आलीय. आपल्याकडे दयाळू माणसं पुष्कळ, पण दयेची मालकी व्हायला वेळ लागत नाही. ‘बिचारं, कुणीतरी सोडून दिलं असेल’ असं म्हणत आपण त्याचं नाव ठेवतो, आणि चार दिवसांत ते मावशीच्या शेतावर बार्शीला पोचतं. इकडे जुळे सोलापुरातलं एखादं पोरगं जेवायला बसत नसतं.

पण ते खरंच हरवलंय का, हे आधी बघा. कानाचं टोक कापलेलं दिसलं तर ते बहुधा नसबंदी झालेलं भटकं कुत्रं. २०२३च्या नियमांत अशी कुत्री नसबंदीनंतर जिथून धरली तिथंच सोडायची, असं आहे. त्याला घरी आणलंत तर तुम्हीच त्याला हरवलंत. गळ्यातल्या पट्ट्यावर भरवसा ठेवू नका, रोज खायला घालणारी मंडळी भटक्यांनाही पट्टे बांधतात. अंगकाठीवर तर मुळीच नको. आपल्या भागात कारवानी कुत्री पाळतात, शेजारी कर्नाटकात मुधोळ. बरगड्या दिसणं, पोट आत गेलेलं असणं हा त्या जातींचा बांधाच आहे. मालकानं उपाशी मारलं म्हणून उगीच शिव्या घालू नका.

खरे जाणकार दोघं. एक त्या गल्लीतली कुत्री. ती एखाद्याभोवती कोंडाळं करून भुंकत असतील तर पाहुणा बाहेरचा. दुसरा चहाच्या गाड्यावरचा पोरगा. ‘हे आमच्या गल्लीतलं न्हाई ओ, रात्रीपासनं हितंच बसलंय’ हे त्याच्याइतकं खात्रीनं कुणी सांगणार नाही. हरवलेलं कुत्रं चालतंही वेगळं. येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे, माणसाच्या तोंडाकडे बघतं आणि पुन्हा मान वळवतं.

धरताना मात्र आपण सगळा घोळ करतो. चार जण ‘धर, धर’ करत मागे लागतात आणि ते थेट विजापूर रोडच्या ट्रकांत. मागे लागूच नका. तिरपं बसा, नजरेला नजर देऊ नका, पोळीचा तुकडा थोडा अलीकडे टाका, पुढचा आणखी अलीकडे. जवळ आलं तरी डोक्यावर हात नको, हनुवटीखालून न्या. ओढणीचा सैल फास पुरतो. आणि आपलं गाव कसं आहे, तुम्हाला ठाऊक आहे. पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरचं कुत्रं ‘ये, ये’ला ढिम्म हलायचं नाही, पण ‘रा, रा’ म्हटलं की कान टवकारील. कानडी घरचं असेल तर ‘बा’ म्हणून बघा. जखमी असेल तर आपली सोलापुरी चादर काढा. जाड, घट्ट विणीची, चौघांनी चार कोपरे धरले की झोळी तयार. मात्र वेदनेत मायाळू कुत्रंही चावतं, तेव्हा तोंडापासून लांब राहा. दात लागलाच तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. हळद, चुना, तिखट काही लावू नका.

घरी आणलंत तर पाणी आणि सावली. खायला साधा भात, उकडलेलं अंडं, तेही थोडं थोडं. शेंगाची चटणी-भाकरी लाडानं भरवू नका, तिच्यातला लसूण त्याला बाधतो. कांदाही तसाच. द्राक्षं-बेदाण्यांनी मूत्रपिंडं जाऊ शकतात. घरच्या कुत्र्यापासून वेगळं ठेवा, कारण पार्व्हो, डिस्टेंपर असे कुत्र्यांचे साथीचे रोग आणि गोचिड तपासल्याशिवाय दिसत नाहीत.

शोध मात्र सापडलं तिथूनच सुरू करा. संध्याकाळी साखळी लावून त्याच रस्त्यांनी हिंडवा, कधी कधी ते स्वतःच घराकडे ओढतं. दुकानदार, पेपरवाले, वॉचमन यांना फोटो दाखवा. पोलीस ठाण्यात कळवा. पशुवैद्याकडे नेऊन चिप आहे का बघा. तांदळाच्या दाण्याएवढी ती चिप खांद्यांच्या मधे कातडीखाली असते. यंत्र फिरवलं की पंधरा आकडी नंबर दिसतो. तिच्यावरून कुत्र्याचा ठावठिकाणा लागतो हा गैरसमज आहे; नंबर कुणाच्या नावावर नोंदवलाय, एवढंच त्यातून कळतं.

व्हॉट्सॲपवर टाकताना एक खूण हातची राखा. आमच्या ओळखीत एक काळं लॅब्रॅडॉर सापडलं. फोटो फिरताच दोन तरुण मोटरसायकलवरून हजर. ‘आमचा टायगर आहे हो.’ कुत्रं शेपटी हलवत होतं, पण लॅब्रॅडॉर चोराला बघूनही हलवतं. यजमानीणबाईंनी शांतपणे विचारलं, ‘तुमच्या टायगरच्या पोटावर काय आहे?’ दोघं एकमेकांकडे बघायला लागले. कुत्री होती ती, आणि पोटावर टाक्यांचा व्रण होता. रात्री खरे मालक लसीकरणाचं पुस्तक आणि पिल्लू असतानाचे फोटो घेऊन आले, व्रणाचं न विचारता सांगितलं. जातिवंत कुत्र्याला पैसे येतात, तेव्हा असे टायगरवाले येणारच.

कुणीच आलं नाही तर? ठेवा, किंवा चांगलं घर बघा. पण आधी पुरेसे दिवस थांबा आणि शोधल्याचा पुरावा जपा. सापडलेली वस्तू मालकाला शोधण्याचा रास्त प्रयत्न न करता आपलीशी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा ठरू शकतो, आणि कायद्याच्या लेखी कुत्रं ही मालमत्ताच. पुन्हा रस्त्यावर मात्र सोडू नका.

मघाशी मागून कुणीतरी विचारलं, खर्च मागायचा का? १८७२च्या करार कायद्याचं कलम १६८ गंमतशीर आहे. आपणहून केलेल्या खर्चासाठी मालकावर दावा लावता येत नाही, पण भरपाई मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. मालकानं बक्षीस जाहीर केलं असेल तर त्यासाठी दावाही चालतो. माझं मत विचाराल तर औषधाच्या पावत्या जपा, त्या दाखवायला लाजू नका, आणि पैशांसाठी कुत्रं एक रात्रही अडवू नका. देताना मालकाचा नंबर, सही आणि कुत्र्याबरोबरचा फोटो घ्या. आणि जाता जाता पट्ट्यावर फोन नंबर घालायला सांगा, पुढचा गड्डा भरायच्या आत.